ठिबकचे हेक्टर मोजून झाले, आता पाण्याचा ताळेबंद मांडा : जलसंपत्ती नियमन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

विषय : सिंचनातील पाणी वापराची कार्यक्षमता मोजण्याची पद्धत बदलणे आणि त्या मोजणीवर धोरण उभे करणे

महोदय,

राज्यात पाणी वापराची कार्यक्षमता वाढली का, असे विचारले की उत्तर हेक्टरमध्ये नाहीतर रुपयांत मिळते. इतके हेक्टर ठिबकखाली आले, इतके अनुदान वाटले, इतक्या किलोमीटर कालव्याला अस्तरीकरण झाले. खोऱ्यातले किती पाणी वाचले आणि ते आज कुठे आहे, याचे उत्तर या आकड्यांत नसते. हेक्टर वाढले म्हणजे पाणी वाचले, असे धरून धोरण पुढे जाते. पुष्कळ ठिकाणी ते खरे नाही. कुठे खरे आहे आणि कुठे नाही, हे सांगता येईल अशी मोजणी उभी करण्याचे अधिकार २००५च्या प्राधिकरण अधिनियमाने आपल्याकडे दिले आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत.

आधी एक हिशेब मांडतो. हा कोणत्याही ठरावीक मायनरचा, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या लहान उपकालव्याचा, नाही, पण यातले आकडे उसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही अनोळखी वाटणार नाहीत. एका मायनरला वर्षाला २० लाख घनमीटर पाणी मिळते आणि त्यावर ८० हेक्टर ऊस मोकाट पाण्यावर भिजतो. म्हणजे हेक्टरी २५,००० घनमीटर. त्यातले १४,००० घनमीटर पीक आणि जमीन मिळून वाफेच्या रूपाने हवेत सोडतात, बाकीचे पाझरते किंवा नाल्याला लागते. कार्यक्षमता ५६ टक्के. आता तिथे ठिबक येते. हेक्टरी १६,००० घनमीटर पुरू लागते, पीक जोमदार होते आणि १४,५०० घनमीटर वाफेत जाते. कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर गेली. पण मायनरला येणारे पाणी तेवढेच राहिले आणि 'वाचलेल्या' पाण्यावर उसाचे क्षेत्र १२५ हेक्टर झाले. आता वाफेत जाणारे पाणी ११.२ लाखांवरून १८.१ लाख घनमीटरवर गेले. पूर्वी ८.८ लाख घनमीटर पाणी खालच्या विहिरींना आणि नाल्याला मिळत होते, ते १.९ लाखांवर आले. खालच्या गावातल्या विहिरी डिसेंबरऐवजी नोव्हेंबरातच तळ गाठू लागतात आणि कोणत्याही अहवालात त्याचे कारण दिसत नाही, कारण अहवालात कार्यक्षमता वाढलेली असते.

यात ठिबकचा दोष नाही. दोष हिशेबाच्या हद्दीचा आहे. शेताच्या बांधावर हद्द धरली तर पाझर हे नुकसान ठरते. उपखोऱ्याच्या मुखाशी धरली तर त्याच पाझराचा बराच भाग दुसऱ्या शेतकऱ्याचे पाणी असते. आपल्या बेसाल्टच्या मुलखात तर हे ठसठशीत दिसते. कालव्याखालच्या विहिरींना पाणी येते ते कालव्यातून आणि वरच्या शेतांतून उतरलेलेच. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये अनेक देशांतील अनुभवांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही हाच होता : पाणी वापरावर मर्यादा नसेल तर आधुनिक सिंचनाने खोऱ्यातला प्रत्यक्ष खप सहसा कमी होत नाही, पुष्कळदा वाढतो.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की अहवालात 'कार्यक्षमता' हा एकच टक्का देणे थांबवावे. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासाठी आणि उपखोऱ्यासाठी तीन आकडे वेगवेगळे द्यावेत : किती पाणी उचलले किंवा सोडले, त्यातले किती वाफेत खपले, आणि किती परत नदीला व भूजलाला मिळाले. तिसऱ्या आकड्यातही पुन्हा वापरता येणारे पाणी वेगळे आणि खारवट जमिनीत किंवा गटारात गेलेले वेगळे दाखवावे.

ही शेवटची विभागणी कागदी वाटेल, पण अनुदान कुठे द्यायचे ते तीच ठरवते. सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा, पलूस आणि कोल्हापुरातील शिरोळ या पट्ट्यात काळ्या जमिनी जादा पाण्याने क्षारपड झाल्या आहेत. तिथे पाझरलेले पाणी कोणाच्या उपयोगी पडत नाही, उलट जमीन घेऊन जाते. अशा ठिकाणी ठिबकने वाचवलेला प्रत्येक घनमीटर खरोखर वाचतो. म्हैसाळ, ताकारी, टेंभू यांसारख्या उपसा योजनांचा हिशेब आणखी वेगळा आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि पाइपातील घट धरून साधारण ०.४ युनिट. २०० मीटर चढवलेले पाणी पोटचारीतून पाझरून परत खाली नदीला मिळाले, तर पाणी खोऱ्यात राहिले असे म्हणता येईल, पण घनमीटरमागे ०.८ युनिट वीज वाया गेलीच. तिथे बंदिस्त नलिका आणि ठिबक यांना प्राधान्य द्यायला पाण्याची नसली तरी विजेची मोजणी पुरेसा आधार देते. याउलट ज्या लाभक्षेत्रात विहिरी दाट आहेत आणि पाझर पुरता उपसला जातो, तिथे त्याच अनुदानाने खोऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आज तिन्ही ठिकाणी हेक्टरी अनुदान सारखे आणि यशाची नोंदही सारखीच.

आता मोजणीकडे येतो, कारण वरचे तीन आकडे काढायचे तर पहिला तरी खरा हवा. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी द्यायचे असे २००५च्याच सिंचन व्यवस्थापन कायद्याने ठरले. मायनरच्या मुखाशी बहुतेक ठिकाणी पार्शल फ्लूम, कटथ्रोट फ्लूम किंवा स्टँडिंग वेव्ह फ्लूम बांधलेले असतात. फ्लूम म्हणजे अरुंद गळ्याची पक्की चारी; तिच्यातल्या पाण्याच्या खोलीवरून तक्त्यात प्रवाह वाचतात. साधन चांगले आहे. चूक होते ती त्याच्या निगेत आणि वाचनात.

एक फूट, म्हणजे ३०.५ सेंमी, गळ्याचा पार्शल फ्लूम घ्या. मोजपट्टीवर २० सेंमी खोली असताना त्यातून सेकंदाला सुमारे ६० लिटर पाणी जाते. २१ सेंमी असताना ६४ लिटरांच्या थोडे वर. कारण प्रवाह खोलीच्या दीडहून थोड्या अधिक घातांकाने वाढतो. खोलीत ५ टक्क्यांची चूक झाली की प्रवाहात पावणेआठ टक्क्यांची होते. एका सेंटिमीटरचा हा फरक दिवसाला ४०० घनमीटर आणि सात दिवसांच्या पाळीत २,८०० घनमीटर भरतो. एवढ्या पाण्यात साडेतीन-चार हेक्टर गव्हाची एक पाळी निघते. आणि एक सेंटिमीटर चुकायला फार काही लागत नाही. मोजपट्टी फ्लूमच्या भिंतीवर पुन्हा रंगवताना शून्य जरासे वर सरकते. फ्लूमचा तळ एका बाजूला खचतो. तळावर गाळ बसतो आणि पट्टीचे शून्य गाळाखाली जाते. पट्टी गळ्याच्या जवळ लावलेली असते, तिथे पाण्याची पातळी आधीच उतरलेली असते. ती वरच्या आकुंचित भिंतीवर, गळ्यापासून भिंतीच्या लांबीच्या दोनतृतीयांश अंतरावर असायला हवी.

यापेक्षा मोठी चूक खालच्या बाजूला होते. फ्लूमच्या पुढची चारी गवताने, पाणकणसाने किंवा गाळाने तुंबली की पाणी मागे फुगते. खालच्या पट्टीवरची खोली वरच्या पट्टीच्या ७० टक्क्यांहून जास्त झाली की या मापाचा फ्लूम 'बुडतो' आणि तक्त्यातला प्रवाह खोटा ठरतो. २० सेंमीच्या वाचनाला खालची खोली १४ सेंमीपर्यंत चालते. त्यापुढे गेली की तेवढ्याच वाचनाला प्रत्यक्षात कमी पाणी जात असते. संस्थेच्या खात्यावर जास्त पाणी लागते, टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला ते मिळत नाही, आणि दोघांच्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत. पुष्कळ फ्लूमवर खालची पट्टी लावलेलीच नसते, त्यामुळे फ्लूम बुडालेला आहे हे कळायलाही मार्ग नसतो.

उपाय महागडा नाही. रब्बीचे पहिले आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटण्याआधी, म्हणजे १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर कालवा सल्लागार समिती बसते त्याच सुमारास, प्रत्येक मायनरमुखाशी लेव्हल मशीनने फ्लूमच्या तळाचे चार बिंदू आणि दोन्ही पट्ट्यांचे शून्य तपासावे. फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर फ्लूम चालू ठेवावा, नसेल तर पट्टी बदलून लावावी. पुढची ३० मीटर चारी साफ करावी. आवर्तन चालू असताना एकदा करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) प्रवाह मोजून तक्त्याशी ताडून पाहावा. शाखा अभियंता आणि संस्थेचा प्रतिनिधी या दोघांच्या सह्यांचे एक पत्रक करावे आणि ते त्या हंगामाच्या पाणीपट्टीच्या देयकाला जोडावे. पत्रक नसेल तर त्या मायनरचा आकडा राज्याच्या अहवालात 'मोजलेला' म्हणून न धरता 'अंदाजित' म्हणून वेगळ्या रंगात छापावा. एवढ्या एका नियमाने अहवालातले मोजलेले पाणी किती आणि गृहीत धरलेले किती, हे पहिल्या वर्षीच उघड होईल.

वाचनाची वेळ हाही प्रश्न आहे. सकाळी आठचे एक वाचन घेऊन ते चोवीस तासांना लावायची रीत आहे. पण रात्री विमोचक (पाणी सोडण्याची दारे) बंद होतात, वरचे शेतकरी सायंकाळी पाणी तोडतात, मुख्य कालव्यात फुगवटा येतो. रात्रीचे पाणी टेलच्या सांडीतून नाल्याला जाते आणि सकाळच्या पट्टीवर त्याची खूण राहत नाही. किमान प्रत्येक उपविभागातील दोन-तीन मायनरवर दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा पातळीमापक स्टिलिंग वेलमध्ये, म्हणजे फ्लूमला जोडलेल्या संथ पाण्याच्या कुंडीत, बसवावा आणि त्यावरून बाकीच्या ठिकाणच्या एका वाचनाची चूक किती असते ते काढावे. सगळीकडे यंत्रे बसवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. सौर पॅनेल आणि बॅटऱ्या चोरीला जातात, विजा पडून सेन्सर जळतात आणि दुरुस्तीचा करार संपला की यंत्र शोभेला उरते. बंदिस्त नलिकांवरच्या मीटरचीही अशीच गत होते. विद्युतचुंबकीय मीटरला पाइप पूर्ण भरलेला लागतो आणि आधी पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी हवी, अल्ट्रासॉनिक मीटरला दहापट. व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, वळणावर मीटर बसवला तर तो आकडा दाखवत राहतो, पण त्या आकड्याला अर्थ नसतो. नलिका प्रणालीच्या निविदांमध्ये मीटरची जात लिहिलेली असते. त्याच्या आधीची आणि नंतरची सरळ लांबीही लिहावी आणि ती तपासल्याशिवाय अंतिम देयक काढू नये.

वहनव्ययाबद्दल, म्हणजे कालव्यातून वाहताना होणाऱ्या पाण्याच्या घटीबद्दल, थोडे. कालव्याच्या एका टप्प्यातील व्यय काढताना वरच्या आणि खालच्या टोकाचा प्रवाह मोजून वजाबाकी करतात. वर १०० आणि खाली ९० युनिट आले, दोन्ही मोजणीत ५ टक्के चूक असेल, तर व्यय १० युनिट अधिक-उणे पावणेसात येतो. म्हणजे तो ३ टक्केही असू शकतो आणि १७ टक्केही. अशा आकड्यावर अस्तरीकरणाचे कोट्यवधींचे प्रस्ताव मंजूर होतात. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात तळे पद्धतीने मोजणी केली तर ही अडचण राहत नाही. तीनशे ते पाचशे मीटरच्या टप्प्याला दोन्हीकडून मातीचे बांध घालून त्यावर प्लॅस्टिक कागद टाकायचा, पूर्ण पातळीपर्यंत पाणी भरायचे, एक-दोन दिवस माती भिजू द्यायची, मग हुक गेजने (पाण्याची पातळी बारकाईने मोजणाऱ्या आकडीने) पातळी किती उतरते ते बारा-बारा तासांनी टिपायचे आणि त्यातून बाष्पीभवन वजा करायचे. अस्तरित कालव्याच्या आराखड्यात दशलक्ष चौरस मीटर ओल्या पृष्ठभागाला ०.६ क्युमेक (सेकंदाला ०.६ घनमीटर) व्यय धरतात, तो दिवसाला साधारण ५ सेंमी पडतो. प्रत्यक्षात तो १५ सेंमी निघाला तर अस्तर फुटले आहे. ६ सेंमी निघाला तर कालवा ठीक आहे आणि पाणी दुसरीकडे, बहुधा विमोचकांवर, जात आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. अस्तरीकरणाच्या कोणत्याही प्रस्तावासोबत त्या टप्प्याची तळे चाचणी प्राधिकरणाने सक्तीची करावी.

नदीतून सोडलेल्या पाण्याचीही हीच कथा आहे. प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२(६)(ग) खाली वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचे तत्त्व आपण १९ सप्टेंबर २०१४च्या आदेशाने लागू केले. त्यानंतर दर तुटीच्या वर्षी वाद पेटतो तो वाटेत किती पाणी मुरले यावर. पात्र कोरडे होते की ओले, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या होत्या का, काठावरच्या मोटारींची वीज बंद होती का, यांवर उत्तर बदलते. पाणी सोडण्याआधी, सुटत असताना आणि नंतर एकाच पद्धतीने, ठरलेल्या ठिकाणी मोजणी करून ती रोजच्या रोज जाहीर केली तर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना निदान एकाच आकड्यावर भांडता येईल.

भाजकाचा, म्हणजे पाणी कशाने भागायचे हा, प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. जलसंपदा विभागाच्या स्थिरचिन्हांकन (बेंचमार्किंग) अहवालांमध्ये हेक्टरी ७,६९२ घनमीटर हा मापदंड वर्षानुवर्षे वापरला गेला, म्हणजे एका दशलक्ष घनमीटरमागे १३० हेक्टर. पण हेक्टर कोणता? रब्बी ज्वारीचा एक हेक्टर चार महिन्यांत दोन-तीन पाण्यांवर निघतो, उसाचा हेक्टर बारा ते अठरा महिने पाण्यावर उभा राहतो. पीकरचना बदलली की कालव्याच्या कारभारात काहीही न सुधारता हा निर्देशांक सुधारतो किंवा बिघडतो. लाभक्षेत्रातल्या विहिरींवर भिजलेले क्षेत्र अंशात धरले आणि विहिरींनी उपसलेले पाणी छेदात धरले नाही, तर आकडा छान दिसतो आणि भूजल खाली जात राहते. सिंचित क्षेत्राच्या व्याख्येवरून काय होते ते राज्याने २०१२ मध्ये पाहिले आहे. आर्थिक पाहणी अहवालात दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढल्याचे छापून आले आणि त्यावरून सरकार हादरले. कृषी विभागाचे क्षेत्र वेगळे, जलसंपदा विभागाचे वेगळे आणि दोन्हींना जोडणारी पाण्याची मोजणी नाही, हे मूळ दुखणे त्या गदारोळात मागे पडले.

उसाची तुलना करताना तर विशेष सांभाळावे लागते. आडसाली ऊस हेक्टरी १३० टन आणि सुरू ऊस ९० टन आला असे धरा. हेक्टरी उत्पादनात आडसाली चव्वेचाळीस टक्क्यांनी पुढे दिसतो. पण आडसालीने जमीन आणि पाणी १७ महिने अडवले, सुरूने १२. महिन्याला भागले की दोन्ही साडेसात टनांच्या आसपास येतात. मग खरी तुलना होते ती दर घनमीटर खपलेल्या पाण्यामागे, आणि त्यातही पावसाचे पाणी व कालवा-विहिरीचे पाणी वेगळे मांडून. वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी खपणाऱ्या उसाला कोल्हापूरकडे पावसाचा मोठा हातभार असतो, सोलापूरकडे तो फार थोडा असतो. 'एक किलो साखरेला दोन हजार लिटर पाणी' हे वाक्य दोन्हीकडे सारखेच खरे असेल, पण सोलापुरातल्या दोन हजारांपैकी बहुतेक लिटर उजनीतून किंवा विहिरीतून येतात. धोरणाला हवा आहे तो हा दुसरा आकडा. ऊस राज्याच्या सिंचनाचे सत्तर टक्के पाणी पितो हे विधान सभांमधून सर्रास ऐकू येते. ते पाणी कालव्याच्या मुखाशी धरले, शेतात धरले की पिकाने वाफेत घालवलेले धरले, हे सांगितल्याशिवाय त्यावर ना ऊस बंदीची मागणी करता येते, ना तिचे खंडन. टक्क्याने लोकांचा कसा गोंधळ होतो ते उजनीत दर उन्हाळ्यात दिसते. धरणाचा मृतसाठा (दारांच्या पातळीखालचे पाणी) ६३.६५ टीएमसी, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि टक्के काढायचे उपयुक्त साठ्याचे. त्यामुळे धरणात साठ टीएमसी पाणी असतानाही बातमी 'उजनी वजा'ची येते.

वाफेत खपलेले पाणी उपग्रहावरून काढण्याची पद्धत आता हाताशी आहे आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारखी संस्था राज्यात आहे. तिचा वापर जरूर करावा, पण तिच्या मर्यादा ओळखून. लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर आठ दिवसांनी एक चित्र मिळते. पावसाळ्यात ढगांमुळे सलग अनेक चित्रे वाया जातात, आणि आडसालीची लागण नेमकी जुलै-ऑगस्टमधली. जमिनीचे तापमान मोजणाऱ्या पट्ट्यांचे मूळ वियोजन १०० मीटर, म्हणजे एक ठिपका एक हेक्टरचा. राज्यातील सरासरी वहितीधारणा (एका खातेदाराकडची जमीन) २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर. एका ठिपक्यात दोघांचा ऊस, तिसऱ्याचा हरभरा आणि बांधावरची बाभूळ एकत्र येते. तेव्हा या पद्धतीने एकेका शेतकऱ्याला पाणीपट्टी लावण्याचा किंवा दंड करण्याचा विचार कोणी मांडला तर तो आत्ताच थांबवावा. दोन-तीनशे हेक्टरच्या मायनरसाठी आणि उपखोऱ्यासाठी हा अंदाज उपयोगी आहे, चुकीची मर्यादा शेजारी छापली तर.

भूजलाची बाजू भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवरून जोडता येते. बेसाल्टचा विशिष्ट उतारा, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी उपसून मिळणाऱ्या पाण्याचा हिस्सा, साधारण एक ते तीन टक्के. २ टक्के धरला तर १०० हेक्टरमध्ये विहिरींची पातळी एक मीटर खाली जाणे म्हणजे २०,००० घनमीटर पाणी जाणे. आकडा लहान वाटतो, म्हणूनच बेसाल्टमधले भूजल लवकर संपते. उतारा १ धरायचा की ३, यावर उत्तर तिप्पट बदलते, त्यामुळे लाभक्षेत्रात किमान काही ठिकाणी पंपिंग चाचणी करून तो ठरवावा. कालव्याचा हिशेब जलसंपदाकडे, विहिरींचा दुसऱ्या विभागाकडे आणि ठिबकचा कृषी विभागाकडे, ही वाटणी असेपर्यंत ताळेबंद जमणार नाही. तिघांच्या नोंदी एका उपखोऱ्याच्या एका पानावर, एकाच सिंचन वर्षासाठी, १ जुलै ते ३० जून, आणण्याचे निर्देश प्राधिकरणाने द्यावेत.

ठिबकच्या बाबतीत संच बसवल्याचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश यांवर अनुदानाची फाइल बंद होते. तीन वर्षांनी तो संच कसा चालतो हे कोणी पाहत नाही. तपासणी एका माणसाचे तासाभराचे काम आहे. पहिली, एकतृतीयांशावरची, दोनतृतीयांशावरची आणि शेवटची अशा चार लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) निवडायच्या, प्रत्येकीवर चार ठिकाणचे ड्रिपर घ्यायचे, प्रत्येकाखाली पाच मिनिटे भांडे ठेवून पाणी मोजपात्रात मोजायचे. सोळा आकड्यांची सरासरी काढायची, सर्वांत कमी चार आकड्यांची वेगळी काढायची आणि दुसरीला पहिलीने भागायचे. ९० टक्क्यांच्या वर आले तर संच उत्तम, ७०च्या खाली आले तर शेताच्या कोरड्या कोपऱ्यासाठी शेतकरी बाकीच्या शेताला जादा पाणी देत असणार. कारणे बहुधा नेहमीचीच : सँड फिल्टर धुतलेला नाही, सबमेनवर (लॅटरलना पाणी देणाऱ्या उपनलिकेवर) दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या खाली आहे, क्षाराने ड्रिपर चोंदले आहेत आणि आम्ल प्रक्रिया वर्षानुवर्षे झालेली नाही. अनुदानाचा शेवटचा दहा टक्के हप्ता दुसऱ्या वर्षीच्या या चाचणीनंतर, आणि तो दुरुस्तीसाठी, असा ठेवला तर शेतकऱ्यालाही संच सांभाळायला कारण मिळेल. ही अट कंत्राटदारावर टाकावी, शेतकऱ्यावर दंड म्हणून टाकू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १४(४) मध्ये बारमाही पिकांना कालव्याचे पाणी ठिबक, तुषार किंवा मान्य तंत्र वापरले तरच द्यावे, अशी तरतूद आहे. जुलै २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला. या दोन्हींत एक दुवा राहून गेला आहे : वाचलेले पाणी कोणाचे? तो ठरवला नाही तर वर मांडलेल्या हिशेबातले १२५ हेक्टर घडणारच. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. हाती आलेले पाणी तो त्याच्याकडच्या सर्वांत चांगल्या भावाच्या पिकाला घालणार. आमची सूचना अशी की ज्या लाभक्षेत्रात ठिबक किंवा नलिका प्रणाली सार्वजनिक पैशाने येते, तिथे पाणी वापर संस्थेच्या हक्काचा करार त्याच वेळी नव्याने व्हावा. वाचेल असे अपेक्षित पाणी आधी ठरवावे. त्यातला काही भाग संस्थेकडेच राहावा, नाहीतर वाचवण्यात तिचे हित राहणार नाही. उरलेला टेलच्या संस्थांना, पिण्याच्या पाण्याला आणि उन्हाळ्यातील नदीच्या प्रवाहाला लेखी नोंदवून द्यावा. प्रमाण उपखोऱ्यानुसार वेगळे असेल. तुटीच्या खोऱ्यात नदीचा वाटा मोठा हवा. हा करार झालेला नाही अशा योजनेला 'पाणी बचतीची योजना' म्हणून मंजुरी देऊ नये. उत्पन्नवाढीची योजना म्हणून ती जरूर मंजूर व्हावी. तीही चांगली गोष्ट आहे, फक्त तिचे नाव खरे असावे.

बिगरसिंचनाबद्दल इथे लांबण लावत नाही. कारखाने आणि नगरपालिका यांच्याकडे मीटर असतात आणि त्यांचे परत येणारे पाणी एका नाल्यात मोजता येते. त्यांच्यासाठीही तेच तीन आकडे लागू करावेत, एवढेच.

सुरुवात कुठून करावी, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. संपूर्ण राज्यासाठी एकदम परिपत्रक काढू नये, ते फायलीत जाईल. एक तुटीचे उपखोरे, एक क्षारपड पट्टा आणि एक उपसा योजना, अशी तीन ठिकाणे निवडावीत. प्रत्येकी दहा-बारा मायनर. पहिल्या रब्बीत फक्त फ्लूमची तपासणी, सहीचे पत्रक आणि काही ठिकाणी पातळीमापक. उन्हाळी आवर्तनाआधी दोन-तीन टप्प्यांची तळे चाचणी. दुसऱ्या वर्षी विहिरींची पातळी, उपग्रहावरचा खप आणि ठिबकच्या सोळा भांड्यांची चाचणी त्यात जोडावी. तिसऱ्या वर्षी तीन आकड्यांचा ताळेबंद, चुकीच्या मर्यादेसह, मराठीत, संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मायनरच्या नावानिशी लावावा. कच्च्या नोंदीही सोबत द्याव्यात, म्हणजे कृषी विद्यापीठांतले, वाल्मीतले (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतले) आणि गावातलेही लोक त्या तपासू शकतील. यासाठी लागणारे मनुष्यबळ हीच खरी अडचण आहे. कालवा निरीक्षक आणि मोजणीदारांची पदे रिकामी असताना कोणतेही यंत्र त्यांची जागा घेणार नाही. निवडलेल्या तीन ठिकाणी तरी ही पदे आधी भरावीत आणि हंगाम संपेपर्यंत त्यांच्या बदल्या करू नयेत.

फ्लूम तपासणीच्या पत्रकाचा आणि उपखोऱ्याच्या एकपानी ताळेबंदाचा कच्चा नमुना आम्ही तयार करून देऊ. येत्या रब्बीपूर्वी प्राधिकरणाने यावर खुली सुनावणी ठेवावी, त्या वेळी पाणी वापर संस्थांच्या प्रतिनिधींना त्यांच्या नोंदवह्या घेऊन बोलवावे आणि सुनावणीची तारीख निदान एक महिना आधी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सिंचन, पाणीमोजणी आणि भूजल या क्षेत्रांत काम करणारे काही अभियंते, कृषितज्ज्ञ व पाणी वापर संस्थांचे कार्यकर्ते